मरायच्या आधी काप, म्हणे!

“पेंगायला लागली म्हणजे गेलीच ती. मरायच्या आधी काप. आज रस्सा तरी होईल, उद्या उकिरड्यावर टाकावी लागेल.”

शेजारच्या मामांचं हे बोलणं मी लग्न होऊन कलघटगीत आल्यापासून ऐकते आहे. मामा एकटेच असं म्हणतात असंही नाही. आमच्या गल्लीत घरात मराठी, अंगणात कन्नड आणि बाजारात दोन्ही चालतं. हा सल्ला तिन्ही ठिकाणी एकाच सुरात मिळतो. माहेरी चंदगडकडेही हेच ऐकलं होतं. सीमाभागात कशाकशावरून भांडणं होतात, पण आजारी कोंबडीच्या मानेवर सुरी ठेवण्याबाबत दोन्ही राज्यांचं एकमत आहे.

मीही कैक वर्षं या सल्ल्याला मान डोलावली. आता डोलावत नाही. का, ते सांगायचं तर शेंडीपासून सुरुवात करावी लागेल.

शेंडी म्हणजे आमची जवारी कोंबडी. डोक्यावर पिसांचा झुपका, म्हणून शेंडी. गेल्या श्रावणात झड लागली होती तेव्हा ती खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसली. आत्याबाई म्हणाल्या, “खुडूक झाली.” मीही म्हटलं, खुडूक. खुडूक कोंबडी बसते तशीच बसली होती ती: अंग फुगलेलं, तुरा फिका, खाण्यावर लक्ष नाही. तीन दिवस आम्ही सासूसुना निर्धास्त. चौथ्या दिवशी अंडं आहे का बघायला तिच्याखाली हात घातला आणि तिने काहीच केलं नाही. खुडूक कोंबडी असं कधी करू देते? हात जवळ नेला की कर्र करून अंगावर येते, टोचते, निदान शिव्या तरी घालते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईने दाणा टिपते, एकच पण ढीगभर, नाक धरायला लावणारी विष्ठा टाकते आणि धावत जागेवर येते. शेंडीने नुसता एक डोळा उघडला आणि मिटला. उचलली तर छातीचं हाड विळ्याच्या पात्यासारखं हाताला लागलं. दोन्ही बाजूंचं मांस झडलेलं. पोट खालून ताठ आणि गरम. शेपटीखालची पिसं हिरवट-पांढऱ्या घाणीने चिकटलेली.

छातीवरचं मांस काही तीन दिवसांत जात नाही. म्हणजे शेंडी त्याआधी कितीतरी दिवस आजारी होती आणि तरी रोज सकाळी चारचौघींबरोबर बाहेर येत होती, दाण्याला चोच लावत होती. खात नव्हती, खाल्ल्यासारखं करत होती. वर घार, खाली मुंगूस, आणि मागे तिच्याच कळपातल्या बाकीच्या, ज्या अशक्त कोंबडीला टोचून टोचून दाण्यापासून हाकलतात. अशा जगात राहायचं तर दुखणं लपवावंच लागतं. पेंगलेली कोंबडी आपल्याला दिसते तेव्हा तिचा आजार सुरू झालेला नसतो, लपवायचं बळ संपलेलं असतं.

मामांच्या सल्ल्यातली पहिली खोट ही. ‘मरायच्या आधी’ म्हणताना त्यांच्या मनात ‘वेळेत’ असतं. पण पेंगलेली कोंबडी कापणारा माणूस वेळेत कापतच नाही. आजार अंगभर भिनल्यावर कापतो आणि पोरांना वाढतो.

यावर मामांचं ठरलेलं उत्तर आहे: “चुलीवर सगळं मरतं.” आता हे काही खोटं नाही. नीट शिजवलेल्या मांसात अगदी बर्ड फ्लूचासुद्धा विषाणू टिकत नाही, सत्तर अंशाला तो संपतो. पण चुलीच्या आधी काय काय होतं ते मामा सांगत नाहीत. कोंबडी कापणार कोण, तर घरातला पुरुष, अंगणात. पिसं उपटणार कोण, तर बाई, तीही उघड्या हातांनी. आतडी काढून टाकणार कुठे, तर परसात, आणि त्यांवर तुटून पडणार कोण, तर उरलेल्या कोंबड्याच! पातेल्यात जायच्या आधीच रोग अख्ख्या अंगणाला वाढून झालेला असतो. शिवाय आदल्या दिवशी मेडिकलमधून आणलेली कसलीशी कॅप्सूल फोडून तिला पाजलेली असते, ती उकळून निघून जाते असं समजू नये. औषध दिल्यावर अमुक दिवस मांस-अंडी खाऊ नयेत हा नियम उगाच केलेला नाही.

आणि मामा, एक विचारू? ग्रामदेवीला द्यायचं कोंबडं तुम्ही कसं घेता? डोळा बघता, तुरा बघता, पंख उचलून बघता. लंगडं, मरगळलेलं देवीपुढे नेत नाही. कत्तलखान्यांसाठी केंद्राने २००१ मध्ये नियम केले त्यांतही आधी पशुवैद्याने जनावर तपासायचं, आजारी असेल तर कापायचं नाही, असंच आहे. देवीला चालत नाही, सरकारला चालत नाही, ते नातवाच्या ताटात कसं चालतं?

मी शाकाहारी नाही, हेही इथेच सांगून टाकते, कारण पुढचा टोमणा तोच असतो. “रविवारी मटण खाता आणि कोंबडीची सेवा करता!” हो, करते. खायची कोंबडी धडधाकट निवडावी आणि आजारी कोंबडीची शुश्रूषा करावी, यात मला तरी विसंगती दिसत नाही. आमच्या घरच्या सहापैकी एकीही खाण्यासाठी ठेवलेली नव्हती. अंड्यांसाठी होत्या, आणि खरं सांगायचं तर पायात घोटाळत हिंडतात म्हणून होत्या.

आता मामांचा खरा जोरदार मुद्दा. तो टाळून चालणार नाही. “मानमोडी असली तर? एकीपायी सगळ्या जातील. ही काप, आणि उरलेल्या पाच संतेत विकून मोकळी हो.”

मानमोडी हा शब्द आपल्याकडे जरा जपूनच उच्चारतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही महाराष्ट्रात खेडोपाडी मानमोडीच म्हणत. माणसं पटापट गेली होती त्यात. कोंबड्यांची मानमोडी म्हणजे राणीखेत. १९२०च्या दशकात जगाला हा रोग ओळखू आला, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ आणि आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला, म्हणून दोन नावं. मान पिळवटते, हिरवी पातळ हगवण लागते, चोच उघडून श्वास घेतात, पंख पाय लुळे पडतात, आणि लस नसलेला कळप चार दिवसांत आडवा होतो. मामांनी असं खुराडं रिकामं झालेलं पाहिलं आहे. त्यांची भीती काही उगाच नाही.

पण त्या भीतीवरचा त्यांचा उपाय बघा. रोग संसर्गाचा आहे असं मानायचं, आणि मग त्याच खुराड्यातल्या पाच कोंबड्या पाय बांधून संतेत न्यायच्या, जिथे कलघटगी तालुक्यातल्या पन्नास गावांचं माणूस येतं! अंगाने धड दिसणारी कोंबडीही तो विषाणू घेऊन फिरत असू शकते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कितीही वेळ जातो. म्हणजे आपली मानमोडी मिश्रीकोटीच्या नाहीतर तंबूरच्या कुणाच्या तरी अंगणात नेऊन सोडायची आणि वर पैसे घ्यायचे. शेवटी पुढच्या संतेत आपणही कुणाची तरी अशीच विकलेली कोंबडी घेऊन येतो, ते वेगळंच. गावागावांतून दर साल साथ फिरते ती वाऱ्याने कमी आणि आपल्या पिशव्यांतून जास्त फिरते.

शिवाय ‘मानमोडीच आहे’ हे ठरवलं कुणी? नुसत्या डोळ्यांना ते ठरवता येत नाही, याचा धडा आपल्याला नवापूरने दिलेला आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ च्या सुरुवातीला कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा जन्म कोंबड्यांत गेलेले पोल्ट्रीवालेही राणीखेतच म्हणत होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने फेब्रुवारीत सांगितलं की हा बर्ड फ्लू आहे, भारतातला पहिला. मग लाखांनी पक्षी मारावे लागले. पुढे २०१२ साली कर्नाटकातही बेंगळुरूजवळ हेसरघट्टच्या सरकारी केंद्रातल्या टर्की त्यानेच मेल्या. म्हणून एका दिवसात दोन-चार कोंबड्या पटापट मेल्या, तोंडं सुजली, तुरे जांभळे-काळे पडले, तर तिथे माझ्यासारखीने डाल आणि बल्ब घेऊन बसू नये आणि मामांसारख्यांनी सुरी घेऊन बसू नये. हात लावायचा नाही, पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं. १९६२ हा बिनपैशाचा क्रमांक त्याच खात्याचा आहे. पण एकटी कोंबडी, दोन आठवडे झिजत झिजत बसलेली आणि बाकीच्या पाच मजेत उकरत असलेल्या, हे चित्र साथीचं नव्हे. ते ओळखायला कॉलेजात जावं लागत नाही. रोज बघावं मात्र लागतं.

बघणं म्हणजे काय ते मला शेंडीनंतर कळलं. रात्री दांडीवर बसल्या की बॅटरी घेऊन एकेकीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपायची: भरलेली हवी. सकाळी दाणा टाकायच्या आधी पुन्हा: रिकामी हवी. सकाळीही ती दगडासारखी किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर काहीतरी अडलं आहे. पंधरा दिवसांतून एकदा पिशवीत घालून ताणकाट्याला लावायची. पिसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही. विष्ठा हिरवी म्हणजे बऱ्याचदा पोटात काही नाही, लाल म्हणजे रक्ती हगवण. आमच्याकडच्या पावसात तलंगांना ती हमखास लागते. पेंग्विनसारखी ताठ उभी राहून कुंथत असेल तर अंडं अडकलं असेल. आमच्या धाकट्याने एकदा घरचं थर्मामीटर लावलं, पारा एकशे सातला गेला आणि घरात रडारड. कोंबडीचं निरोगी अंगच तेवढं गरम असतं, एकशे सहा-सात. ते मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी तिच्या डोक्यावर ओल्या कपड्याच्या घड्या ठेवत होते!

तसं शुश्रूषेच्या नावाखाली जे चालतं तेही सुरीइतकंच वाईट असू शकतं, आणि ते करणारे माझ्याच पक्षातले असल्यामुळे त्यांना दोन शब्द जास्त सुनावते. आजारी कोंबडी दिसली की यांचे हात शिवशिवतात. लसणाची गोळी, हळदीची गोळी, रॉकेलचा थेंब, तंबाखूचं पाणी, माणसाची अर्धी कॅप्सूल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! विषाणूवर अँटिबायोटिक काडीचं काम करत नाही, आणि जिथे करतं तिथे ते कुठलं, किती, हे पशुवैद्याने सांगायचं असतं. कोलिस्टिनसारखं शेवटचा आधार असलेलं औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास घालत होतो आपण. २०१९ मध्ये केंद्राला त्यावर बंदी घालावी लागली. आणि ते पाजणं कसं, तर एकाने चोच फाकवायची आणि दुसऱ्याने चमचा उपडा करायचा. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक उघडं असतं. आपलं प्रेम सरळ फुप्फुसात जातं आणि कोंबडी हातात तडफडून मरते. मग म्हणायचं, “आजारच तसा होता.” तिला छातीशी घट्ट कवटाळणंही असंच. आपल्यासारखा पोटाचा पडदा तिला नसतो. छातीचं हाड वरखाली हलेल तेव्हाच श्वास. मायेने दाबून धरलं की संपलं.

त्यापेक्षा कितीतरी कमी करायचं असतं. वेगळी ठेवायची, तिला हाताळणं बाकीच्यांचं दाणापाणी झाल्यावर, आणि मग हात धुवायचे. ऊब द्यायची. वेताच्या डालीत खाली कोरडं गवत, एका अंगाला साठचा बल्ब, दुसरं अंग मोकळं, म्हणजे गरम झालं तर सरकता येतं. मग पाणी: बोट बुडवून चोचीच्या कडेला थेंब टेकवायचा आणि ती स्वतः गिळेपर्यंत थांबायचं. गार पडलेल्या कोंबडीला आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी. पाळण्यांसाठी नाव असलेल्या या गावात मी कोंबडीला डालीत निजवते म्हणून बायका हसल्या. पाळणा टांगते का विचारलं एकीने. हसू देत.

“एवढ्या खर्चात दुसरी येते,” हा शेवटचा हुकमी पत्ता. कुठला खर्च? डाल घरचीच, बल्ब घरचा, पाणी नळाचं. वेळ गेला, तो गेला. उलट सुरीचा हिशेब कुणी मांडत नाही: दोन आठवडे झिजलेल्या कोंबडीवर मांस असतं किती? आणि ‘एकदोन कोंबड्यांचं काय एवढं’ असं म्हणणाऱ्यांना २०१९ च्या पशुगणनेचा आकडा सांगते. देशात ८५ कोटींवर कोंबडीवर्गीय पक्षी, त्यांतले जवळजवळ ३२ कोटी परसातले. म्हणजे एकदोन-एकदोनच, पण दारोदारच्या. यांच्यासाठी ना पोल्ट्रीचा सुपरवायझर, ना विमा. त्यांचं काय होणार ते मामांच्या एका वाक्यावर ठरतं.

शेंडी वाचली असती तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. ती सहाव्या दिवशी पहाटे मेली. टबात कोमट पाण्यात बसवून पाहिली, अंडं अडकलं असेल म्हणून, नव्हतं. एका ठिकाणी नेलं तर “कोंबडीला कशाला आणली, बाई?” म्हणून हसून परत पाठवलं. दुसरीकडच्या तरुण डॉक्टरांनी पोट चाचपलं, सुईने थोडं पाणी काढून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की आशा धरू नका. फार तडफडायला लागली तर आणा, त्रास न होता संपवता येईल. तो मार्गही शुश्रूषेतच बसतो, मला मान्य आहे. तशी वेळ आली नाही. मामा कुंपणापलीकडून म्हणाले, “मेलीच ना शेवटी? फुकट गेली.”

त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला उघडली. मी शेजारी उभी होते. पोटात पिवळंजर्द, उकडलेल्या बलकाचा चुरा केल्यासारखं काहीतरी भरलं होतं, मध्येमध्ये दह्यासारख्या गुठळ्या, आतडी एकमेकांना चिकटलेली. बलक अंड्याच्या नळीत न जाता पोटात पडत राहिला होता आणि तिथे कुजला होता. जास्त अंडी घालणाऱ्या, वयाने वाढलेल्या कोंबड्यांना होतं असं. मानमोडी नाही, फ्लू नाही, दुसरीला लागणारं काहीच नाही.

मामा, तुमचं ऐकून चौथ्या दिवशी कापली असती तर तुम्हालाही तेच दिसलं असतं, आणि ते बघून रस्सा करायची तुमचीही छाती झाली नसती. फुकटच जायची होती ती. पण तुमचं ऐकून मी उरलेल्या पाच संतेत विकल्या असत्या. त्या पाची आज अंगणात आहेत, कारण सहावी का मेली ते मला माहीत आहे. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली तिला. ओढ्यात नाही फेकली; इथलं पाणी उतरत उतरत बेडतीला जातं आणि वाटेत कुणाकुणाच्या कोंबड्या ते पितात.

डॉक्टरांनी जाताना विचारलं, बाकीच्यांना मानमोडीची लस दिली आहे का? नव्हती. इथे मात्र मी मामांना पूर्ण दोष देत नाही. लस फुकटच्या भावात असते, पण बाटली शंभर-दोनशे कोंबड्यांची, बर्फात ठेवायची, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. घरात पाच कोंबड्या असलेल्या बाईने काय करावं? मोठ्या कोंबड्यांना टोचतात ती आर-टू-बी लस मुक्तेश्वरला घडली, राणीखेतच्याच डोंगरांत. आणि मुक्तेश्वरची ती प्रयोगशाळा १८८९ मध्ये सुरू झाली होती पुण्यात. इतक्या वर्षांत प्रयोगशाळा पुण्याहून कुमाऊंला गेली आणि लस तिथून कलघटगीपर्यंत पोचली, ती शेवटच्या दहा पावलांत अडकते, कारण गल्लीतली घरं एका दिवशी एकत्र येत नाहीत.

मार्गशीर्षात आणली एकत्र. चौदा घरं, नव्वदच्या वर कोंबड्या, आमच्या ओट्यावर दुधाच्या कॅनमध्ये बर्फ आणि बर्फात बाटली. मामाही आले, डालीत सात घेऊन, “फुकट आहे म्हणून आणल्या” असं आल्याआल्या जाहीर करत. डॉक्टरांनी सहा टोचल्या आणि सातवी बाजूला काढली. “ही आजारी आहे, हिला आज नको.” मामा तिच्याकडे बघत राहिले. “कालपर्यंत तर खात होती,” म्हणाले. मी काही बोलले नाही, नुसता त्यांचा हात धरून तिच्या छातीच्या हाडावर ठेवला. त्यांनी तो लगेच काढून घेतला, कोंबडी काखेत मारली आणि घरी गेले.

त्या संध्याकाळी मी कान आणि नाक दोन्ही कुंपणाकडे लावून बसले होते. मसाल्याचा वास काही आला नाही. पण वार सोमवार होता.